बजरंगनानांनी झाकलेले टाके

मिरजगावात कुणाचं हाड मोडलं की दवाखान्याआधी बजरंगनानांचं दार वाजायचं. हाड बसवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे नाना स्वतःच सगळ्यांना सांगत. सोबत एक ताकीदही फुकट मिळे, की हाडाला सुरी लागली की माणूस कामातून गेला. अशा माणसाने मोटारसायकलवरून पडून स्वतःचंच कमरेखालचं हाड मोडून घ्यावं, याला काय म्हणावं?

दोन दिवस स्वतःचाच लेप लावून पाहिला. कूसही बदलता येईना, तेव्हा बनुबाईने नवऱ्याला न विचारता गाडी बोलावली आणि थेट नगर गाठलं.

तिथल्या डॉक्टर प्रज्ञा वयाने नानांच्या लेकीएवढ्या. कमरेच्या हाडांचं कडं मागून तुटलंय, म्हणाल्या. मोठी चिरफाड नाही. कातडीला दोन बारीक छेद द्यायचे आणि पडद्यावर बघत बघत आत लांब स्क्रू बसवायचे. नाना पुरते भेदरले होते, पण कसबी माणूस गप्प कसा बसेल? हाड दिसत नसताना बसवता कसं, असं त्यांनी विचारलंच. बाई हसल्या. तुम्ही बोटांनी चाचपता, आम्ही यंत्राने, म्हणाल्या.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी नाना उठून बसले आणि तिसऱ्या महिन्यात काठी सोडून चालू लागले. गावात मात्र सांगितलं, की लेकीकडे राहिलो आणि आपल्याच लेपाने बरा झालो. बनुबाईने कपाळाला हात लावला. नानांचं नाव जामखेडपर्यंत गेलं, माणसं दुप्पट यायला लागली, आणि खोटं कशाला बोला, नानांना ते फार आवडलं.

मग एका सकाळी कचरू आपल्या आईला, चांगुणाबाईंना, टेम्पोत निजवून घेऊन आला. कांद्याच्या ट्रॉलीवरून पडल्या होत्या. नानांनी खुब्यापाशी हलकेच चाचपलं. दुखणं तेच होतं.

"तुमी सोताचं बरं केलं, आता आईचं करा," कचरू म्हणाला. नगरचं नाव तो काढू देईना. सुरीची ही भीती त्याला लहानपणी नानांनीच घातली होती.

ओट्यावर दहा माणसं बसलेली. लेप लावला तर नाव राहणार होतं आणि बाई कायमची अंथरुणाला खिळणार होती. नाना उठून उभे राहिले. मग सदरा वर केला, पायजमा बाजूने चार बोटं खाली सरकवला आणि टाक्यांच्या दोन खुणा सगळ्यांना दाखवल्या.

"माझ्या लेपानं काय बी झालं न्हाई. आत नगरच्या डॉक्टरीनबाईचे दोन स्क्रू हायेत. मी खोटं बोललो."

कुणी हसलं नाही, हेच नानांना जास्त लागलं. चांगुणाबाईंनी मात्र पडल्या पडल्या त्या खुणा नीट पाहिल्या.

"एवढंच व्हय? मग मला बी न्या. पर नाना, तुमी संगं चला."

नानांनी बनुबाईकडून चादर मागून घेतली. मोडलेलं हाड हलू नये म्हणून दवाखान्यात त्यांना बांधली होती तशीच, कमरेला नव्हे तर खाली खुब्यांवरून, चांगुणाबाईंना आवळून बांधली आणि टेम्पोत त्यांच्या उशाशी बसले. प्रत्येक खड्ड्याला ते टेम्पोवाल्यावर खेकसत होते.

चांगुणाबाईंना तपासून डॉक्टर प्रज्ञांनी विचारलं, ही चादर कुणी बांधली. कचरूने नानांकडे बोट दाखवलं. आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून नानांनी मान खाली घातली.

"नाना, इतकी नीट बांधलेली आमच्याकडे क्वचितच येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आमच्या नव्या डॉक्टरांना एकदा शिकवाल?"

नानांनी मान वर केली.

"शिकवतो की," ते म्हणाले. "पन आदी बाईचं बघा."