मालक ज्यावर बसतात तो मी

मी एक स्नायू बोलतोय. पत्ता सांगायला जरा संकोच वाटतो. मालक ज्याच्यावर बसतात, तोच मी. हृदयावर लोक कविता करतात, मेंदूला मान देतात. माझ्या नशिबी स्टूल.

लहानपणी मालकांनी मला पळवलं, भिंतींवर चढवलं. मग त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान थाटलं आणि माझी उशी झाली.

त्यांना एकच लेक. तिला परगावी चांगली नोकरी लागली होती, पण आई गेल्यापासून बाबांना एकटं सोडायला तिचा जीव धजत नव्हता. अशात इस्पितळाने धडधाकट माणसं तपासायला बोलावली. निरोगी शरीर यंत्रात कसं दिसतं, ते त्यांना पाहायचं होतं. मालकांनीही नाव दिलं. लेक म्हणाली, सगळं ठीक निघालं तरच मी जाईन.

मालकांना वाटलं, ही परीक्षाच. श्रम करून येऊ नका असं बजावलेलं असूनही त्या सकाळी त्यांनी दार लावून दणादण बैठका मारल्या. इतक्या वर्षांनी काम मिळालेलं, मला कडकडून भूक लागली. इस्पितळात सुईतून किंचित किरण सोडणारी साखर आली, ती मी अधाशासारखी ओढून घेतली. ती जिथे जास्त जमते तिथे चित्रात उजेड दिसतो. मी असा झळकलो की डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

लेकीने त्या आठ्या पाहिल्या. "मी कुठेही जात नाही," ती म्हणाली.

मालकांचा चेहरा पडला. बाईंनी विचारलं, "काका, सकाळी काही व्यायाम केलात का?"

मालक जमिनीकडे बघत पुटपुटले, "बैठका. नापास व्हायला नको म्हणून."

बाईंना हसू आवरेना. राबलेला स्नायू साखर खातोच, त्यात रोग नाही, विश्रांती घेऊन पुन्हा या, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या खेपेस मी चित्रात बाकीच्या स्नायूंइतकाच अंधुक, म्हणजे अगदी नॉर्मल. निरोगी असण्याचं बक्षीस हेच, की तुमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

लेक परवा गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मालक पायरीवर बसून हात हलवत होते. नंतरही तिथेच बसले. दुपार कलली. मी ठणठणीत आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. त्यांना सहज उचललं असतं. पण त्यांच्या मनातच उठायचं नव्हतं.

पोरी, तुला एवढंच सांगणं आहे. रोज फोन कर. मोबाइल ते आतल्या खोलीत ठेवतात, आणि तो वाजला की हा माणूस मला हाक न मारताच उठतो.