राखलेलं पील

सुकलालला केळीतलं सगळं कळत होतं, आणि तेच नडलं.

सुरतेतल्या भेस्तानच्या घरामागं जेमतेम चार खाटा मावतील एवढी जागा. तिथं लिंबू होतं, सीताफळ होतं आणि मधोमध त्याच्या बायकोची, सुंदराची, नासपती. त्र्याण्णव साली वैष्णोदेवीहून परतताना सुंदरा पठाणकोटच्या रोपवाल्यापुढं ठाण मांडून बसली. आमच्याकडं थंडी पडत नाही, उन्हात तगेल तीच जात द्या, असं तिनं मोडक्या हिंदीत तीनतीनदा बजावलं. त्यानं निवडून दिलेलं कलम सुरतेपर्यंत तिच्या मांडीवर आलं. पुढं साखरेनं तिचे डोळे गेले. मग एकच ध्यास उरला, आपल्या झाडाची एक तरी नासपती हातात यावी.

लावल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात कलम मलूल झालं होतं. बुडाशी मात्र जोमदार फुटवा आला. सुकलाल रावेरकडचा, वीस वर्षं सुरतेत यंत्रमागावर काढली तरी हात केळीवाल्याचेच. केळीत थकलेला खांब कापतात आणि बुडाचा फुटवा, म्हणजे पील, राखतात. त्यानंही विळा घेतला, कलम उडवलं, पील राखलं, आणि वर बायकोला ऐटीत सांगितलं. पुढच्या दोन वर्षांत झाड त्याच्या डोक्यावर गेलं. स्वारी खूश!

फळ का धरत नाही ते बघायला आज त्यांच्या लेकीनं, गायत्रीनं, कडोदऱ्याचे रोपवाले छगनभाई आणले. त्यांनी खाली वाकून बुंधा चाचपला.

"काका, आ तो जंगली छे. कलम तो तमे कापी नाखी."

गोड नासपती जोडाच्या वर होती. खालचं मूळ काटेरी रानटी झाडाचं, आणि सुकलालनं राखलं ते तेच. याला फळ धरलंच तर बोराएवढं, तुरट.

"नवं कलम लावलं तर?" सुकलालनं विचारलं.

"पाच-सात वरस तो जोईए."

डॉक्टरांनी सुंदराच्या आयुष्याचं एक वर्षही धड सांगितलं नव्हतं. सुकलालला स्वतःचे हात तोडून टाकावेसे वाटले. गायत्री छगनभाईंना पोचवायला गेली.

तेवढ्यात भिंत धरत सुंदरा आली. रोजच्यासारखी झाडाशी उभी राहून नव्यानं फुटलेल्या फांद्यांवरून हात फिरवू लागली.

"काय सांगं त्यानी? झाड कसं शे?"

"चांगलं शे," सुकलाल म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

तिचं बोट एकदम थबकलं. काटा रुतून त्यावर रक्ताचा थेंब आला होता.

"याले काटा उनात?" तिचा चेहरा उजळला. आधी काटे, मग फळं, हे तिला लिंबानं शिकवलं होतं. "लिंबूले बी पहिले काटाच उंथात. मंग आते फये बी येतीन. पानी टाका ना."

सुकलालनं बादली भरून आणली आणि आळ्यात ओतली. पाणी जिरेपर्यंत सुंदरा तिथंच ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "आखो एक टाका."

त्यानं आणखी एक टाकली.