जळक्या उतारावरच्या बेरी

पाटो डोंगराच्या उतारावर लव्हिना आणि तिची धाकटी जाऊ आर्लिन दर उन्हाळ्यात रानातल्या हकलबेरी तोडायला जायच्या; दोघींच्या तोडायच्या जागा ठरलेल्या होत्या. मागे वणव्यात आर्लिनची जागा जळाली, तेव्हा लव्हिना तोंडदेखलं हळहळली, पण मनातून सुखावली होती. यंदा मात्र तिथेच मुळांतून पुन्हा फुटलेली झुडपं फळांनी वाकली होती. लव्हिनाच्या जागेवर देवदारांची सावली दाटली होती आणि तिच्या झुडपांना नुसती पानंच होती.

आर्लिनची भरलेली टोपली बघून लव्हिनाच्या पोटात दुखायला लागलं.

“जाऊबाई, या ना माझ्याकडे तोडायला,” आर्लिन म्हणाली.

“नको बाई. तुझ्या बेरींना धुराचा वास येतो.”

“काल वाटीभर खाल्ल्यात, तेव्हा नाक कुठे गेलं होतं?”

दुसऱ्या दिवशी लव्हिना करवत घेऊन आली आणि आपल्या जागेवरची देवदाराची झाडं कापायला लागली. आर्लिनने करवतीचं दुसरं टोक धरलं. दुपारपर्यंत झुडपांवर ऊन आलं.

“फळ धरायला काही वर्षं जातील हं,” आर्लिन म्हणाली.

“जाऊ देत. तोवर तुझ्या जागेवर देवदार वाढून सावली येईल.”

आर्लिन खळखळून हसली. लव्हिना मात्र ते मनापासून बोलली होती.