फौजींच्या फोटोखालचे ठोकळे

मित्रांनो, जुना म्हणाल तर मी आहेच, पण निवांत मात्र कधीच नव्हतो. मी तेलाचा जॅक. चाक काढताना गाडी उचलून धरणारा बुटका, जाड बाटलीसारखा लोखंडी गडी म्हणजे मी. माझ्या पोटात तेल असते. दांडा वरखाली केला की ते तेल माझी मान वर ढकलते आणि मानेवरची बस असो की ट्रक, मुकाट वर जाते. काम नसले की मला करमत नाही आणि काम असले की जिवाला घोर लागतो. या स्वभावाला कारण आहे. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही, म्हणून ऐकाच.

कारखान्यातून निघाल्यावर मला हिरवा रंग फासून सैन्यात पाठवले. मला वाटले, आता पराक्रम गाजवायचा. कसचे काय! माझ्या वाट्याला आली ती चिखलात रुतलेली ट्रकची चाके. तिथेच मला फौजी भेटले. अर्थात तिथे त्यांना कुणी फौजी म्हणत नसे, कारण तिथे सगळेच फौजी होते. ते ट्रक दुरुस्त करणारे एक सडसडीत, घाईघाईने जेवणारे, घाईघाईने हसणारे मेकॅनिक होते. त्यांच्या जोडीदाराला सगळे लंबू म्हणत. तो ट्रकखाली शिरला तरी त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर राहत आणि येणारेजाणारे त्यांना अडखळून त्याच्या नावाने खडे फोडत. फौजींचे आणि त्याचे चांगले मेतकूट जमले होते.

आमच्या कामात एक नियम असतो. गाडी जॅकने उचलली की तिच्याखाली लाकडाचे जाड ठोकळे सरकवायचे आणि मगच आत शिरायचे. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. तो किती वेळ तग धरेल, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

एका दुपारी नदीकाठच्या रस्त्यावर आमच्या ट्रकचे चाक बिघडले. ठोकळे पुढे गेलेल्या गाडीत राहिले होते. मागे तीस ट्रक खोळंबलेले, भोंगे वाजत होते, साहेब ओरडत होते. फौजींनी मला लावले, चाक काढले आणि ते लंबूला म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे रे. जा तू आत, मी आहे ना इथे."

लंबू आत शिरला. खालची माती ओली होती. ती माझ्या पायाखालून सरकू लागली, हे सर्वांत आधी मला कळले. पण मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मी कलंडलो आणि ट्रक खाली बसला. लंबू पुन्हा उठला नाही.

पुढे चौकशी झाली आणि दोष ओल्या मातीवर टाकण्यात आला. फौजींनी तो मातीला दिला नाही, मलाही दिला नाही. सगळा स्वतःच्या पदरात घेतला. नोकरी संपल्यावर जुन्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा ते मुद्दाम आले. माझ्या कडेला त्या दिवशी पडलेला पोचा त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिला. "हा दुसऱ्या कुणाच्या हाती जायला नको," असे पुटपुटत त्यांनी मला विकत घेतले. मला लाज वाटली आणि हायसेही वाटले.

घरी परतल्यावर त्यांनी मोठ्या रस्त्याच्या कडेला चार पत्रे ठोकून गॅरेज काढले. पहिल्या आठवड्यात गाडी एकच आली, तीही पत्ता विचारायला. पण फौजी हटले नाहीत. जुन्या तुळईचे लाकूड आणून त्यांनी आपल्या हाताने चार ठोकळे कापले, हातभर लांब आणि उचलताना घाम फुटावा इतके जड. मग एक पद्धत घालून दिली. गाडीखाली शिरणाऱ्याने मोठ्याने विचारायचे, "ठोकळा?" बाहेरच्याने ठोकळ्यावर हात आपटून म्हणायचे, "बसला!" उत्तर आल्याशिवाय डोकेसुद्धा आत घालायचे नाही. एका मेकॅनिकने हे टाळले, तर फौजींनी त्याला दिवसभर ठोकळा मांडीवर घेऊन दारात बसवले. गिऱ्हाईके त्याला विचारत, "बारसं कधी?" त्यानंतर तो कधी विसरला नाही.

व्यवसाय वाढत गेला. पत्र्यांच्या जागी पक्के छप्पर आले, चौदा माणसे कामाला लागली, शाळांच्या बस फक्त आमच्याकडे येऊ लागल्या. व्यापारी मंडळाने फौजींना अध्यक्ष केले. गाव तर त्यांना बढतीवर बढती देत सुटले. आधी फौजी, छप्पर आल्यावर मेजर, अध्यक्ष झाल्यावर थेट कर्नलसाहेब! "अहो, मी नटबोल्ट पिळायचो," असे ते सांगत, पण लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटे. लढाईच्या गोष्टी कुणी विचारल्या की ते चहा मागवत आणि विषय बदलत.

खरी गोष्ट त्यांनी एकट्या काकूंना सांगितली होती. काकू म्हणजे त्यांची बायको. गॅरेजमध्ये सगळे त्यांना काकूच म्हणत. दर सहा महिन्यांनी फौजी माझ्या पोटातले तेल बदलत, तेल अडवून धरणारी आतली रबरी कडी तपासत. अशाच एका वेळी, माझ्यावरून फडके फिरवता फिरवता, ते सगळे बोलून गेले. काकूंनी फौजींच्या हातातले फडके घेतले आणि उरलेला मी त्यांनी पुसला.

गेल्या वर्षी फौजी गेले. मी फळीवर पडून राहिलो. नवे, चाके असलेले जॅक घरंगळत येत-जात आणि मला उगाच चिडवल्यासारखे करत. माझे तेल कुणी बदलले नाही. रबरी कडी सुकली, तळाशी तेलाचा काळा डाग पडू लागला. आता गॅरेज सांभाळणारा फौजींचा मुलगा कामसू होता, वडिलांवर त्याचा जीव होता, पण त्याच्या मागे शंभर व्याप होते.

मग फौजींना जाऊन वर्ष होत आले. मंडळाने ठरवले की स्मरणसभा गॅरेजमध्येच घ्यायची. लगबग सुरू झाली. मुलाने मला फळीवरून काढले आणि लाल रंगाचे दोन हात मारले. मित्रांनो, बाहेर नवा रंग आणि पोटात जुने काळे तेल! मला नुसते कसेसे होत होते. फौजींचा मोठा फोटो टेबलावर ठेवला, पण मागच्या रांगेला तो दिसेना. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबांच्या हातचे ठोकळे आहेत ना, ते लावू या टेबलाखाली. यापुढे ते तेलात लोळवायचे नाहीत." त्याने ते घासून, चकचकीत करून टेबलाच्या चार पायांखाली ठेवले. मला फोटोशेजारी बसवले. सूनबाईंनी फुले मांडली. सगळे किती प्रेमाने चालले होते! मी मात्र तिथे बसून तळमळत होतो.

सभेच्या दिवशी सकाळी एक बस आचके देत दारात येऊन थांबली. बसवाला उतरून धावतच आला. "ब्रेकची नळी गळतेय. शाळेच्या फाटकात चाळीस मुलं सहलीची वाट बघत उभी आहेत. काहीतरी करा हो!"

मेकॅनिकांना सुट्टी दिली होती. नवे जॅक खुर्च्यांसाठी जागा करताना कोठीत टाकले होते आणि कोठीची किल्ली घेऊन मुनीम माइक आणायला गेला होता. मुलाने इकडेतिकडे पाहिले आणि त्याची नजर माझ्यावर पडली. मला उचलून त्याने बसखाली लावले, चाक काढले. मग तो टेबलाकडे वळला आणि थबकला. ठोकळे काढायचे तर वडिलांचा फोटो उतरवावा लागणार होता, फुले विस्कटावी लागणार होती. त्याचा हात काही पुढे होईना.

"राहू दे," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

तो आत शिरला. मित्रांनो, माझी सुकलेली कडी दाब सोडू लागली होती. तेलाचा एकेक थेंब बाहेर येत होता आणि माझी मान केसाकेसाने खाली जात होती. मुलाची छाती बरोबर चाकांच्या आसाखाली होती. चाळीस वर्षांपूर्वी माती सरकली होती. या वेळी मीच सरकत होतो, आणि तोंड मात्र तेव्हासारखेच बंद.

तेवढ्यात काकू आल्या. सभेसाठी घातलेले नवे कपडे, हातात चष्म्याची डबी. त्यांनी टेबलाखाली ठोकळे पाहिले, मग बसखाली मुलाचे पाय पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाहेर ये."

"आलोच गं आई, नळी हातात आहे. सोडली तर सगळं तेल सांडेल."

"सांडू दे. बाहेर ये."

"दोनच मिनिटं!"

हे शब्द काकूंच्या ओळखीचे होते. गेली दहा वर्षे त्यांचे गुडघे वाकत नव्हते. त्या भिंतीला धरून कशाबशा खाली बसल्या, मग तेलकट फरशीवर आडव्या झाल्या आणि डोके पुढे करून बसखाली सरकू लागल्या.

"अहो काकू!" बसवाला किंचाळला.

"आई! वेड लागलंय का तुला? मागे हो!"

"तू आहेस तिथे मी येते. तू निघालास की मी निघेन."

मुलगा नळी सोडून धडपडत बाहेर आला. त्याने आईला खांद्याला धरून ओढून घेतले. ब्रेकचे तेल भळाभळा वाहू लागले. काकूंनी त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही.

"फोटो उतरव," त्या सुनेला म्हणाल्या.

"आई, अहो, आत्ताच सगळं मांडलंय. बाबांचा फोटो जमिनीवर..."

"फोटोला काही होत नाही गं. ठेव खाली."

सूनबाई आणि बसवाला यांनी टेबल उचलले, काकूंनी बसल्या बसल्या ठोकळे ओढून काढले. मुलाने ते धुसफुसत बसखाली सरकवले. त्याने शेवटच्या ठोकळ्यावरून हात काढला आणि माझ्यातला उरलासुरला दाब संपला. फस्स! माझी मान खाली गेली आणि बस वीतभर खाली येऊन धाडकन ठोकळ्यांवर बसली. मुलगा वाकून बघत राहिला. ठोकळे नसते तर आपण जिथे पडलो होतो तिथे किती जागा उरली असती, हे त्याने हाताने मोजले. मग तो आईशेजारी फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मुले सहलीला दुसऱ्या बसने गेली. आमची बस ठोकळ्यांवर तशीच राहिली आणि सभा तिच्या बाजूला झाली. मंडळाचे चिटणीस जोरात होते. कर्नलसाहेबांनी एकट्याने शत्रूचे किती रणगाडे अडवले, ते सांगताना त्यांचा आकडा वाढतच चालला होता. काकू तेलाने माखलेल्या कपड्यांनीच उठल्या.

"त्यांनी कधी गोळी झाडली नाही," त्या म्हणाल्या. "ते गाड्या दुरुस्त करायचे. त्यांच्या घाईपायी एक माणूस गेला, आपल्याच बाजूचा. त्यानंतर या गॅरेजात एकही जाऊ दिला नाही. तुम्हाला त्यांची आठवण काढायची असेल तर ही काढा."

आणि त्यांनी लंबूचे खरे नाव सांगितले. इतकी वर्षे त्याचा भार मनावर वागवूनही मला ते ठाऊक नव्हते. खुर्च्यांवरची माणसे एकेक करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलाने मला उघडले, धुतले, नवी कडी आणि नवे तेल घातले. आज मी पुन्हा कामावर आहे. मित्रांनो, घरातल्या, कामावरच्या वस्तूंना नुसता वरून रंग देऊ नका, आत डोकावून बघा. त्यांचे तेलपाणी वेळेवर करा. आणि तुमच्यापैकी कुणी कधी गाडीखाली शिरणार असेल, तर या म्हाताऱ्याची एक विनवणी ऐका. मी कितीही दणकट दिसलो, कितीही चमकलो, तरी तुमचा जीव एकट्या माझ्यावर सोपवू नका.