ओपलबाईंच्या दुकानातला संशयी फलक

मित्रांनो, मी कपडे धुण्याच्या दुकानातला एक जुना सूचनाफलक आहे. आधीच सांगून ठेवतो, मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही ठेवला नसता.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत, बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्यावर ओपलबाईंचे दुकान आहे. नाणी टाकायची आणि यंत्रात कपडे धुवायचे. ओपलबाईंच्या नवऱ्याने बुचाच्या जाड तक्त्याला अक्रोडाची चौकट ठोकून मला घडवले आणि ड्रायरच्या रांगेसमोर टांगले. टाचण्यांची सवय लवकर झाली, खोटेपणाची मात्र झाली नाही. ‘जवळजवळ नवा’ म्हणून विकायला काढलेला ट्रक दाराबाहेर धूर ओकत उभा असलेला मी पाहिला आहे. ‘घरबसल्या श्रीमंत व्हा’ हा कागद लावणारा माणूस मोजे धुवायला सुटी नाणी उसनी मागत होता.

माझ्या कोपऱ्यात एक पिवळा पडलेला कागद होता, जिल्ह्याच्या मधपाळ मंडळाचा. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला शिष्यवृत्ती मिळणार होती. अट एकच, बारावीत अर्ज करण्याआधी सलग तीन वर्षे मधपेटी सांभाळलेली हवी. बारावीची मुले धावत येत, अट वाचत आणि “आता सांगताय होय!” म्हणून निघून जात. कुणाला द्यावेच लागू नये म्हणून ही अट घातली असावी, असे मला वाटे.

एका रविवारी आठवीतली डेल्सी माझ्यासमोर उभी राहिली. तिची आई वांडा वृद्धाश्रमात काम करायची आणि कामाचे कपडे धुवायला इथे यायची. डेल्सीने टाचणी उपसून तो कागद काढला. चोर, मी मनात म्हणालो. पण ती तो घेऊन आईकडे गेली.

“आई, आत्ता सुरू केलं तर मला जमेल हे.”

“मधमाश्या पाळल्या म्हणून कॉलेजचे पैसे?” वांडा चादरीची घडी घालतच म्हणाली. “फुकट कोण देतं गं? काहीतरी काळंबेरं असणार.”

“बारावीला अजून वेळ आहे, आई.”

“तेच म्हणते मी. एवढ्या लवकर कुणी बघतं का?”

“म्हणूनच तर कुणाला मिळत नाही.”

वांडाच्या संशयाला कारण होते. शाळेत असताना तिने अशाच एका शिष्यवृत्तीसाठी फी पाठवली होती, आणि त्या पत्त्यावर कुणीच राहत नव्हते. म्हणून तिने मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांना, एल्डन यांना, थेट दुकानातच बोलावले.

“अहो मिस्टर एल्डन, हे पैसे येतात कुठून?”

“मध विकून, बाई.”

“आजवर कुणाला दिलेत?”

एल्डन यांनी टोपी हातात घेतली. “बरीच वर्षं कुणालाच नाही. वेळेत कुणी येतच नाही हो.”

“मग पैसे आहेत कुठे?”

“बँकेत. चला, दाखवतो.”

वांडा खरोखरच त्यांच्याबरोबर गेली. परत आल्यावर ती ओपलबाईंना म्हणाली, “बँक खरी निघाली.” संशय फुकट गेल्यामुळे तिचा चेहरा मात्र उतरल्यासारखा दिसत होता.

एल्डन यांनी तो कागद पुन्हा माझ्यावर टाचला आणि डेल्सीला एक मधपेटी दिली. पहिल्याच हिवाळ्यात सगळ्या माश्या मेल्या. एका रविवारी पोरगी ड्रायरला टेकून रडत होती. “मूठभर काळा कचरा उरलाय गं आई, बाकी काही नाही.”

‘मी सांगितलं नव्हतं?’ असे वांडा म्हणणार, याची मला खात्री होती. पण तिने विचारले, “आता नव्याने सुरू केलं तर तीन वर्षं भरतात का?”

डेल्सीने बोटांवर मोजले. “भरतात. जेमतेम.”

“मग रडतेस कशाला? बर्फ वितळलं की नव्या आण.”

मित्रांनो, तीच डेल्सी नववीत जागी झाली असती, तर सगळे तिथेच संपले असते.

ती बारावीत गेली तेव्हा टाय लावलेला एक माणूस आला. त्याने मधपाळांच्या कागदावरच आपला चकचकीत कागद ठोकला. ‘हमखास शिष्यवृत्ती! आजच नोंदणी करा!’ गावातल्या अनेकांनी नोंदणीची फी भरली. डेल्सीही घुटमळली. “आई, मधपाळांचे पैसे कॉलेजच्या एका वर्षालाच पुरतील. हा तर चारही वर्षांचे म्हणतोय.”

वांडा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “मला पैसे देणाऱ्याला आधी माझे पैसे कशाला हवेत?”

“कागदपत्रांची फी आहे, बाई.”

“मग तुम्ही देणार त्यातून कापून घ्या.”

तो हसला. “आज भरली नाही तर जागा जाईल.”

“जाऊ दे. माझे कपडे वाळायचेत अजून.”

थोड्याच दिवसांत त्याचा फोन बंद झाला. फी भरलेल्या एका बापाने तो कागद फाडला आणि माझ्यावर मूठ मारली. “ह्याच फळकुटावर लावलं होतं!” माझी चौकट तेव्हा उकलली, ती अजून तशीच आहे.

डेल्सीला मधपाळांची शिष्यवृत्ती मिळाली. तिने वर्षानुवर्षे शोधून ठेवलेल्या दुसऱ्या शिष्यवृत्त्यांपैकी बहुतेक ठिकाणांहून नकार आला, दोन ठिकाणांहून होकार आला. तेवढ्यावर ती परिचारिका व्हायला गेली. ती गेली त्या रविवारी वांडाने कमी कपडे धुतले आणि बराच वेळ रिकाम्या ड्रायरकडे बघत बसली.

आता सगळे फोनमध्येच शोधतात. तिथेही टाय लावलेली माणसे असतीलच, असा माझा संशय आहे. म्हणून लवकर शोधायला लागा. चौकशी करायला वेळ लागतो, नकार पचवायला लागतो, आणि बिघडलेले पुन्हा उभे करायला तर फारच लागतो. संशय घेऊनच या, पण बारावीची वाट पाहू नका.

आणि मित्रांनो, जमले तर मला कोरड्या भिंतीवर हलवा. इथे पाइप गळतो. ओल लागलेल्या बुचात टाचणी धरत नाही, आणि खाली पडलेला कागद खरा होता की खोटा, हे केर काढणारा पाहत नाही.