देवीविना चौक

फाल्गुनातला सूर्यास्त बाहेर पळसापळसांवर रक्तवर्णाने पाझरत होता. आत, शीतल कलादालनात, सूर्याला मज्जाव होता. तिथे प्रकाशदेखील निमंत्रणपत्रिका पाहून आत सोडला जात होता.

गेरूरक्त भिंतीशी चंदरी दुमाडा सकाळपासून उकिडवी बसली होती. चाळीस वर्षे तिच्या पाड्यावर तिने भिंतीवर काढलेल्या चौकावाचून एकही लग्न लागले नव्हते. बांबूची काडी, तांदळाचे पीठ, दोन त्रिकोणांच्या शिखरस्पर्शातून उभी राहणारी माणसे. आणि सर्वांत शेवटी, पडद्याआड, चौकाच्या गर्भात, पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाते, देवी जागते, मगच पडदा सरतो. धवलेरीही चंदरीच.

"लगीन कोनाचा?" तिने दालनाच्या संचालकांना विचारले होते.

"लग्न नाही, मावशी. उद्घाटन आहे."

"मंजी नवरी नाय, नि वरात हाय."

दुपारी पितळी पाटी ठोकली गेली. ठोकणाऱ्या सुताराने ती तिला वाचून दाखवली: 'वारली लग्नचौक. कलाकार: अज्ञात आदिवासी स्त्री.' खाली, संकल्पना म्हणून, संचालकांचे नाव, पदव्यांसह, पूर्णविरामासह.

"माझा नाव चंदरी दुमाडा. तेवढा लिवा."

"मावशी, लोककलेला नाव नसते. शास्त्रच आहे तसे."

केवढे निर्मळ शास्त्र! ती समोर बसून नाव सांगत होती, आणि तरीही अज्ञात होती.

चंदरीने भिंतीपुढचा पडदा ओढून घेतला. आत काडी चालत राहिली.

सायंकाळी अत्तरगंधित, व्युत्पन्न, रेशीमभाषी समाज जमला. गाण्याला वेळ नव्हता. पडदा प्रमुख पाहुण्यांनीच ओढला. शुभ्र ताड, शुभ्र तारपा, शुभ्र फेर, करवतदंती किनार, चंद्र, सूर्य, फणी, शिडी. मधोमध काही नाही. नुसता गेरू.

"देवी कुठे आहे?" संचालकांनी हसरा चेहरा न मोडता विचारले.

"पाटीवरचे बाईला इचारा," चंदरी म्हणाली. "चौक तिनंच काढलाय ना."

तेवढ्यात एका समीक्षकाला त्या रिक्ततेत शून्यतत्त्व दिसले. त्याच्या टाळ्या झाल्या, पाठोपाठ पाहुण्यांच्याही झाल्या.

चंदरीने पिठाची वाटी पदराआड धरली आणि पळसांच्या वाटेला लागली. मागे भिंतीवर ताड डुलत राहिले, तारपा घुमत राहिला, फेर फिरत राहिला, रित्या, तांबड्या चौकोनाभोवती. आणि देवी, वाटीच्या तळाशी, मूठभर पांढऱ्या ओल्या पिठात, घरी निघाली.