धाकूबाबांचं दुकानातलं पिनबॉल

धाकूबाबा घाडीगावकरांचं म्हणणं एवढंच होतं, की आपल्या मुलाने सुतारकाम करू नये.

तसा हर्षद काही सुतार नव्हता. विम्याच्या कंपनीत साहेब, मुलुंडला टॉवरमध्ये घर, पंचेचाळिशी उलटलेली, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले. पण घाटकोपरच्या मॉलमध्ये त्याने एकदा पिनबॉलचं मशीन पाहिलं आणि माणूस कामातून गेला. तेव्हापासून जेवायला बसला की पिनबॉल, आणि हात धुवायला उठला तरी पिनबॉल.

"खरा चेंडू नसतो बाबा त्यात," तो समजावून सांगायचा. "मोठा टीव्ही आडवा निजवायचा, वर काच. पेटीच्या दोन्ही अंगांना एकेक बटण. बटण दाबलं की पडद्यावरचा दांडका उडतो आणि चेंडू वर मारतो. चेंडू खाली घरंगळला की गेला."

"म्हणजे गोळीच नाही?"

"सगळं पडद्यावर. पण आत मोटरी असतात, हाताला धक्का लागतो. एकदम खरं वाटतं."

"मग खरंच का नाही घेत?" धाकूबाबांनी विचारलं. त्यावर हर्षदने जे सांगितलं त्याने त्यांचा घास हातातच राहिला. हर्षद म्हणाला की मी ते घरीच बनवणार आहे. जुना टीव्ही आहे, ऑफिसातून मोडीत काढलेला कॉम्प्युटर मिळतोय, प्लायवूड आणलं की झालं. यूट्यूबवर सगळं दाखवतात.

"हर्षद, तू बाथरूममध्ये एक हूक लावायला गेलास तेव्हा टाइल फुटली होती," त्याची बायको श्रुतिका म्हणाली. "माझ्या हॉलमध्ये भुसा पडलेला मला चालणार नाही. अंधेरीला तयार मिळतं ना? दोन माणसं आणून ठेवतात, पिन लावली की सुरू. आण की सरळ."

"तयार आणण्यात काय मजा? खरी मजा बनवण्यात आहे."

आणि तिथे धाकूबाबांचं डोकं फिरलं. "मजा!" ते ताटावरून गरजले. "ज्याला दुकानातलं परवडतं ना, त्यालाच घरी करण्यात मजा वाटते. आम्ही जन्मभर घरीच केलं. तुझं दप्तर घरचं, तुझी बॅट घरची, तुझी चड्डी माझी पँट फाडून केलेली. कसली मजा रे? दुकानातलं आण. खोक्यातून काढलेलं, कोरं करकरीत!"

त्यांची बायको रत्नप्रभा, जिचं सुनेशी सहसा एकमत होत नसे, तीही चकित झाली. "तुमी कधीपासून सुनेच्या पार्टीत गेलात?" तिने विचारलं.

"तू गप रव गो," धाकूबाबा म्हणाले आणि आमटी ओरपू लागले.

त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. हर्षद लहान असताना ते घाटकोपरला भटवाडीतल्या चाळीत राहायचे. गिरणी संपात बुडाली होती आणि धाकूबाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात कसेबसे चिकटले होते. नाक्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात काचेआड एक बगाटेल ठेवलेलं असे. हिरवं गुळगुळीत लाकूड, पितळी खिळ्यांची कमान, स्टीलच्या गोळ्या. हर्षदने कधी हट्ट केला नाही. फक्त त्या दुकानासमोर आलं की पोराची चाल मंदावायची. बापाला तेवढं पुरे होतं.

विकत घेणं काही जमलं नाही. मग त्यांनी कारखान्यातून खोक्याच्या फळ्या आणल्या, खिळे ठोकले आणि वाढदिवसाला घरचं बगाटेल पोराच्या हातात ठेवलं. अहो, काय ते बगाटेल! फळीला पीळ पडलेला. गोळी कुठूनही सोडा, ती डाव्या कोपऱ्यात जाऊन बसायची. आणि एक दिवस कामावरून येताना त्यांनी दाराबाहेरूनच ऐकलं. चाळीतली पोरं म्हणत होती, "तुझं बगाटेल वाकडं आहे यार." आणि त्यांचा हर्षद म्हणत होता, "नाही रे, झकास आहे."

धाकूबाबा दारातून मागे फिरले होते. एवढंसं पोर बापाची लाज झाकतंय, ह्याने त्यांच्या पोटात तुटलं. ते तुटलेलं पुढे कधी सांधलंच नाही. हर्षद शिकला, नोकरीला लागला, स्वतःच्या पैशाने हवं ते घेऊ लागला. पण बापाने दुकानातून आणून दिलेली वस्तू त्याच्या वाट्याला आली नाही ती नाहीच.

आता देवाने संधी दिली होती. हर्षदने प्लायवूडची फळी आणून चपलांच्या कपाटामागे उभीसुद्धा केली होती, म्हणजे घाई करायला हवी होती. धाकूबाबांनी आपली बँकेतली ठेव मोडली, सुनेला विश्वासात घेतलं आणि दोघं एका दुपारी रिक्षा करून अंधेरीच्या दुकानात जाऊन आली. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. "काका, फक्त पेटी उघडायची नाही," त्याने मागचं चंदेरी सील दाखवत बजावलं. "सील तुटलं की वॉरंटी गेली."

"उघडतो कशाला?" धाकूबाबा म्हणाले. "उघडायला लागू नये म्हणून तर विकत घेतोय."

दसऱ्याच्या सकाळी मशीन घरी आलं. दाराला झेंडूचं तोरण, स्वयंपाकघरात श्रीखंड, आणि हॉलच्या कोपऱ्यात चार पायांवर उभी असलेली काळी लखलखीत पेटी. पुढे स्प्रिंगचा दट्ट्या, दोन्ही अंगांना पांढरी शुभ्र बटणं, आडव्या पडद्यावर रंगांची नुसती आतषबाजी. हर्षद अंघोळ करून बाहेर आला तो टॉवेल खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

"बाबांनी घेतलंय," श्रुतिका म्हणाली. "तुझ्यासाठी."

हर्षदने मशीनकडे पाहिलं, मग कपाटामागच्या फळीकडे पाहिलं, मग बापाकडे. आणि हसून म्हणाला, "झकास आहे, बाबा."

धाकूबाबांचे कान टवकारले. अगदी तोच सूर! पोरगं पुन्हा झाकतंय की काय? पण त्यांनी तो विचार झटकून टाकला. वस्तू कोरी, दुकानातली, एक ओरखडा नाही. एकदा खेळायला लागला की कळेल.

पण खेळण्याआधी पूजा. दसऱ्याला यंत्राची पूजा न करता त्याला हात लावायचा? गिरणीत सगळी खाती फुलांनी सजायची, मग माग चालायचे. धाकूबाबांनी तबक घेतलं. काचेवर झेंडू वाहिला. दट्ट्याला हळद-कुंकू लावलं. मग दोन्ही बटणांना कुंकवाचा ओला ठसठशीत टिळा लावला आणि टिळ्यावर रीतीप्रमाणे अक्षता चिकटवल्या. नारळ हातात घेऊन ते उभे राहिले, टोपी सारखी केली आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज दसऱ्याच्या दिसाक ह्यां नवां मशीन घराक इलां हा. तेका कोणाची वाईट नजर लागाक देव नको. आतलो चेंडू खंय अडकाक देव नको. आणि जो कोण खेळात तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे तिघं ओरडले. नारळ मात्र सिंकमध्ये फोडला. तेवढी अक्कल धाकूबाबांना होती.

हर्षदने दट्ट्या ओढला. चेंडू सुसाट वर गेला, दिवे लागले, घंटा वाजल्या, रत्नप्रभा दचकून "गे बाय माझे!" म्हणाली. चेंडू खाली आला. हर्षदने डावं बटण दाबलं, दांडका उडाला, चेंडू परत वर. वा! मग त्याने उजवं बटण दाबलं. दांडका उडाला आणि वरच राहिला. बटण आत गेलं होतं ते बाहेर येईना. चेंडू त्याच्या बाजूने घरंगळत खाली गेला.

हर्षदने बटण नखाने ओढून पाहिलं. श्रुतिकाने सेफ्टी पिन आणली. बटण ढिम्म. तिने दुकानात फोन लावला, तर दुरुस्तीच्या माणसाला सणाची सुट्टी, तो पुढच्या आठवड्यात येईल, तोवर पेटी उघडू नका.

"असं कसं झालं? नवीन तर आहे," श्रुतिका म्हणाली.

धाकूबाबांना मात्र कळलं होतं. बटणाच्या कडेला लाल रेघ दिसत होती आणि तिथल्या अक्षता गायब होत्या. टिळ्यावरचा तांदूळ बटणाबरोबर आत ओढला जाऊन फटीत बसला होता. म्हणजे वाट लावली ती दुकानाने नाही, कंपनीने नाही, खुद्द त्यांनी. जन्मात एकदा पोराला दुकानातलं दिलं आणि तेही पहिल्या डावात आपल्याच हाताने बिघडवलं.

ते बाल्कनीत जाऊन बसले. कधी नव्हे ते त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जरा वेळाने हर्षद आला आणि शेजारच्या स्टुलावर बसला. "बाबा, काय झालं?"

"माझ्या अक्षतांनी झालं ते," धाकूबाबा म्हणाले. "देवाला म्हणावं, मला दे शिक्षा. तुला एक वस्तू कधी धड देता आली नाही माझ्याच्याने. ते बगाटेल तसलं, हे असलं."

"कुठलं बगाटेल? आपल्या चाळीतलं?"

"दुसरं कुठलं? मी ऐकलं होतं रे. पोरं वाकडं म्हणत होती आणि तू झकास म्हणत होतास. माझी लाज राखायला. एवढासा होतास." "ते माझ्या मनातून कधी गेलं नाही."

हर्षदला हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबवेना, मग तो कठड्याला धरून हसायला लागला.

"हसतोस काय मेल्या?"

"बाबा, लाज कसली राखतोय! अहो, ते वाकडंच होतं. एक नंबरचं वाकडं. पण कुठे वाकडं आहे ते फक्त मला माहीत होतं! उजव्या कमानीला घासून गोळी हळूच सोडली की डावीकडे जाता जाता बरोबर मधल्या घरात पडायची. अख्ख्या चाळीच्या गोट्या जिंकल्या मी त्याच्यावर. पोरांना संशय आला की मी म्हणायचो, नाही रे, झकास आहे. नाहीतर ती खेळायला थांबली असती का?"

इतकी वर्षं उराशी धरलेलं दुःख, आणि त्याच्या मुळाशी ही लबाडी!

"म्हणजे तू चोर होतास!"

"चोर काय, बाबा? मशीन तुमचं होतं," हर्षद म्हणाला. "दुकानातल्या बगाटेलवर मी कधीच जिंकलो नसतो."

धाकूबाबांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. मग डोळे पुसले. त्यांनी हळूच विचारलं, "आणि आजचं झकास? तेही तसलंच?"

हर्षद जरा ओशाळला. "आजचं थोडं खोटं होतं. मला बनवायचं होतं हो. तुमच्याबरोबर. तुम्ही खिळे ठोकायचात आणि मी गोळ्या धरून बसायचो ना, तसं."

धाकूबाबा उठले. हॉलमध्ये गेले, मशीनच्या मागे वाकले आणि ते चंदेरी सील अंगठ्याच्या नखाने टरकावून काढलं.

"बाबा!" श्रुतिका किंचाळली. "वॉरंटी!"

"गेली खड्ड्यात," धाकूबाबा म्हणाले. "हर्षद, पाना आण."

पुढचा तासभर बापलेक जमिनीवर पालथे पडून होते. दोघांनाही धड काही कळत नव्हतं. हर्षदला यूट्यूबवरची नावं पाठ होती, पण वायर कुठली ती ओळखता येईना. धाकूबाबा बॅटरी धरून नको तिथे उजेड पाडत होते आणि वरून ओरडत होते. एक स्क्रू सोफ्याखाली गेला, तो रत्नप्रभाने झाडूने काढून दिला. "श्रीखंड आंबतला हां," तिने बजावलं. शेवटी बटण हातात आलं आणि त्यातून कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा टपकन लादीवर पडला. दोघंही असे ओरडले की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

स्प्रिंग परत बसवताना मात्र कुठेतरी काहीतरी चुकलं. बटण वर येऊ लागलं, पण रेंगाळत. बटण दाबल्याबरोबर दांडका उडेना, एक श्वास उशिरा उडायचा.

"परत उघडू?" हर्षद म्हणाला.

"थांब," धाकूबाबा म्हणाले आणि खेळायला उभे राहिले. त्यांनी पूर्ण दुपार खेळून घेतलं. श्रीखंडसुद्धा उभ्यानेच खाल्लं.

दिवाळीत समोरच्या फ्लॅटमधला आकाश आला. आयटीतला पोरगा, गेम खेळण्यात बिल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारं कोणी नाही. तो हर्षदकडून हरला. मग रत्नप्रभाकडून हरला. शेवटी शहात्तर वर्षांच्या धाकूबाबांनी त्याला असा धुतला की पोरगा बटणं निरखायला लागला.

"आजोबा, उजवीकडे लोचा आहे," तो म्हणाला. "बटण लेट उठतंय. मशीन वाकडं आहे तुमचं."

हर्षदने बापाकडे पाहिलं. धाकूबाबांनी टोपी सारखी केली आणि चेहऱ्यावरची रेघही हलू न देता म्हणाले,

"नाही रे, झकास आहे. लाव अजून एक डाव."